न उतरणारी लाल रेघ

खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता आणि सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या पडद्याकडे वळल्या होत्या. आवाजावरून बाधा ओळखून उतरवणारे नादगुरू माइकवर बोलले की पडद्यावरचे हिरवे खांब उसळत, थांबले की बसत.

"माणूस खोटं बोलेल," नादगुरू म्हणाले, "पण यंत्राला ना आई ना बाप. ते कुणासाठी खोटं बोलणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका तरुण आईने मात्र नाही. तिच्या मांडीवर तान्ही लेक होती. पोरीला दोनदा आकडी आली, तेव्हापासून टक लावून पाहत राहायची तिला सवयच जडली होती. पोरीचे डोळे, ओठांचा रंग, आवळलेल्या मुठी. औषधाची वेळ झाली होती. पण नादगुरूंनी बजावलं होतं, "बाधा उतरेपर्यंत औषध बंद!" आणि बाटलीची पिशवी सासूबाईंनी आपल्या पदराखाली ओढून घेतली होती.

माइक पोरीपुढे आला. ती किंचाळली. खांब उसळले, त्यांच्या माथ्यावर लाल रेघ उमटली. पोर गप्प झाली, खांब बसले. रेघ मात्र वर अधांतरी तशीच.

"पाहिलंत? पोर गप्प आहे. मग हा आवाज कुणाचा?"

"अगं बाई!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. पण नजर सवयीने हातांकडे गेली. नादगुरूंचा उजवा हात लॅपटॉपवर, त्यावर पांढरं फडकं. मघाशी एका आजोबांची बाधा उतरवताना नादगुरूंनी फुंकर मारल्यावर रेघ उतरली होती ना? छे. आधी फडक्याखाली अंगठा हलला होता, फुंकर नंतर.

तेवढ्यात सासूबाईंना सणसणीत शिंक आली. लाल रेघ आणखी वर चढली आणि तिथेच अडकली.

"गुरुजी, ही कुणाची?" तिने विचारलं.

"बाधा चिडलीय."

"शिंकल्या तर आमच्या आई. त्यांनाही बाधा आहे का?"

नादगुरू अडखळले. "असेलही. थोरांकडूनच ती लहानांत उतरते."

"काय म्हणालात?" सासूबाई ताडकन उठल्या. "मला बाधा? अहो, मला सर्दी झालीय सर्दी!"

खोलीत खसखस पिकली. तिने पोरीला सासूबाईंकडे दिलं आणि माइकजवळ घराच्या किल्ल्या खुळखुळवल्या. पडद्याच्या उजव्या टोकाला नवी लाल रेघ चढली.

"घ्या, किल्ल्याही झपाटल्या!"

"बाई, अर्धवट शिकून शास्त्राशी खेळू नका."

"शास्त्र आहे ना? मग झाकलंय कशाला?"

तिने फडकं उचललं. कॉलेजात गाण्यांचं रेकॉर्डिंग चालायचं, तेव्हा असाच पडदा तिने पाहिला होता. तिने एक बटण दाबलं. रेघ गायब.

"मंत्र म्हटला नाही हं मी," ती लोकांकडे वळून म्हणाली. "हे आवाजाचं चित्र आहे. जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे. हे बटण चालू असलं की सगळ्यात उंच गेलेली खूण टिकून राहते, पाणी उतरलं तरी भिंतीवर ओलीची रेघ राहते तशी. बंद केलं की पुसली जाते. आता गप्प बसा सगळे."

तिने दुसरी कळ सरकवली. त्या शांततेत खांब पडद्याच्या माथ्याला टेकले.

"हा कुठला राक्षस?" कुणीतरी धसकून विचारलं.

"डोक्यावरचा पंखा. घरघर तेवढीच आहे, मी फक्त मोजायची पट्टी बदलली."

आजोबा काठी टेकत उठले. "म्हणजे माझं काहीच उतरलं नाही?"

नादगुरू वायर गुंडाळू लागले. सासूबाईंनी पदराखालची पिशवी काढली. "बघतेस काय? आधी पोरीला औषध पाज. उशीर झाला."

पोरीने थेंब गिळले, तोंड वेडंवाकडं केलं. मगच तिच्या आईने श्वास सोडला.

यंत्र खोटं बोलत नाही, हे खरंच. पण त्याची बटणं माणसाच्या हातात असतात. म्हणून चमत्कार दिसला की पडद्याकडे नंतर पाहा, आधी हात पाहा. झाकलेलं उघडायला सांगा. आणि कुणाच्या फुंकरीवर विसंबून घरातल्या आजाऱ्याचं औषध कधीही थांबवू नका.