पाठीवरचं पाणी

सॅक घ्यायला रेणुकादास दुकानात शिरले खरे, पण काय मागायचं ते त्यांना सांगता येईना. नांदेडच्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात ते आधी बॅडमिंटनच्या रॅकेटी बघत उभे राहिले, मग गुडघ्याच्या पट्ट्या बघितल्या. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काका, काय दाखवू?"

"ती... पाठीवर पाणी असतं ना. नळी तोंडाशी येते."

"नातवासाठी का?"

"हो," रेणुकादास म्हणाले. स्वतःसाठी म्हणायची त्यांना लाज वाटली.

दुकानदारानं भारीतली दाखवली, मधली दाखवली, आणि त्यांचा चेहरा बघून सगळ्यांत स्वस्त पुढं सरकवली. करडी सॅक, आत निळसर प्लॅस्टिकची चपटी पिशवी, पिशवीतून निघालेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला रबरी बोंडी. दातांत धरून बोंडी दाबली की पाणी येतं, सोडली की थांबतं. "वापरून झाली की उलटी टांगा काका, कोरडी होऊ द्या. ओली ठेवली की आत काळं धरतं. आणि पहिले काही दिवस प्लॅस्टिकचा वास येईल."

वास आला. भरपूर आला. रेणुकादासांनी सोडा घालून पिशवी रात्रभर ठेवली, लिंबू पिळून ठेवली, कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळली. आतून चिकटू नये म्हणून पिशवीत लाटणं खुपसून ती गॅलरीत दोरीवर टांगली. सून भार्गवी पोळ्या करायला उभी राहिली आणि लाटणं सापडेना म्हणून घरभर हिंडली. दोरीवर नजर गेल्यावर तिनं शेजारणीकडून लाटणं आणलं.

हा सगळा खटाटोप बसवराजांसाठी होता. रेणुकादास नांदेडच्या कॉलेजात ग्रंथपाल, बसवराज लातूरच्या शाळेत भूगोलाचे मास्तर. कुठल्याशा शिबिरात ओळख झाली आणि पुढं उभा जन्म दोघं सुटीच्या दिवशी किल्ले, लेणी, तळी बघत हिंडले. ठरवायचं बसवराजांनी, रस्ता शोधायचा बसवराजांनी, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारायच्या त्यांनीच. रेणुकादासांकडं एकच काम, पाणी. आधी कॅनव्हासची छागल होती, मग थर्मास, मग बाटल्या. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तेव्हा रेणुकादास नांदेडहून कॅन भरून एसटीनं लातूरला जायचे. दारातूनच बसवराज लेकीला ओरडून सांगायचे, "सुकन्या, गोदावरी आली गं!" आणि पहिला तांब्या तिथंच, उभ्या उभ्या रिता करायचे.

आता हातात ओझं धरवत नाही, पाठीवर पेलवेल, म्हणून ही सॅक. वास गेल्यासारखा वाटला तेव्हा रेणुकादासांनी फोन लावला.

"दोन लिटर मावतं बसवराज. मध्ये थांबायलासुद्धा नको. चालता चालता प्यायचं."

 पलीकडं बसवराज हसले. "दोन लिटर? तेवढं तर मला दोन-तीन दिवसाला पुरवायला सांगितलंय रे डाक्टरनं."

दिवाळीच्या आधीच बसवराजांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी मोजून.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तू रडला असतास आन मला तुझीच समजूत घालावी लागली असती. ये तू. औशाचा किल्ला राह्यलाय बघ."

औसा लातूरच्या अगदी जवळ. जवळ म्हणूनच राहून गेलेलं. कधीही होईल म्हणत दोघं लांबलांबचे किल्ले बघून आले होते.

रेणुकादास आदल्या दिवशीच लातूरला पोचले. सकाळी निघताना सुकन्यानं त्यांना बाजूला घेतलं. हातात एक छोटी बाटली दिली. "काका, संध्याकाळपर्यंत आप्पांना एवढंच. ते मागतील. लहान लेकरासारखं मागतात. देऊ नका. जास्त झालं की पाणी छातीत साठतं, श्वास लागतो. तुम्ही बरोबर आहात म्हणूनच सोडतेय."

रेणुकादासांनी मान हलवली. मान हलवताना त्यांच्या पाठीवर पिशवीतलं पाणी डुचमळलं.

छोटी बाटली औशाच्या स्टँडवर उतरायच्या आतच संपली. बसवराज खूप बोलत होते, पण बोलता बोलता ओठांवरून जीभ फिरवत होते, आणि त्यांची नजर रेणुकादासांच्या खांद्यावरून पुढं आलेल्या त्या नळीवर जाऊन जाऊन टेकत होती.  रेणुकादासांच्या मनात आलं, हा मागणार. आणि आपण देणार. आपल्याच्यानं आजवर कुणाला नाही म्हणवलं आहे?

"आलोच," म्हणून ते स्टँडच्या मागं गेले. तिथं एक कडुनिंब होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, सॅक उतरवली, पिशवी उघडली आणि सगळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं. स्वतःही एक घोट घेतला नाही. आपण प्यायलो तर ते जास्त वाईट, असं त्यांना वाटलं.

किल्ल्यात खंदक ओलांडून दोघं सावकाश आत गेले. बुरुजाच्या पायऱ्या अर्ध्यावर आल्यावर बसवराज बसले. चेहरा मातकट झाला होता.

"रेणू, नळी दे जरा."

रेणुकादासांनी नळी दिली. बसवराजांनी बोंडी दातांत धरून ओढलं. फुरर्र झालं. पुन्हा ओढलं.

"संपलं?"

"गळलं असेल. स्वस्तातली आहे."

बसवराजांनी हात लांब करून सॅकची खालची बाजू चाचपली, मग रेणुकादासांची पाठ. "गळलं असतं तर सदरा भिजला असता की. ओतून आलास व्हय?"

रेणुकादासांनी नळी गुंडाळून सॅकच्या पट्ट्यात खोचली.

"तू बी तसलाच निघालास," बसवराज म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "घरात माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवलाय. फ्रिजला कुलूप. सुकन्या माझ्यासमोर पाणी पीत न्हाई, मोरीत जाऊन पिती. मला काय कळत न्हाई? समदे लपवून राहिलेत. तोंडावर न्हाई म्हणायला कुणी तयार न्हाई."

"तू मागितलं असतंस तर मला..."

"मागितलं असतं. लई मागितलं असतं. तू न्हाई म्हणायचं. मी शिव्या देणार, तू पुन्हा न्हाई म्हणायचं. भांडताना घटकाभर तहान इसरतो माणूस. तेवढ्यासाठी तर तुला बोलावला."

"मला नाही म्हणता येत नाही बसवराज."

"ठाऊक हाय. निम्म्या नांदेडच्या घरात तुझ्या लायब्ररीची परत न आलेली पुस्तकं पडलीत." आता ते थोडे हसले. "पुढच्या बारीला खरोशाची लेणी. पिशवी काठोकाठ भरून आण. आन मला न्हाई म्हण."

नांदेडला आल्यावर रेणुकादासांनी पिशवी पुन्हा धुतली. नळीतून दोरा ओवून, त्याला कापडाची चिंधी बांधून ती आतून पुसून काढली. बोंडी गरम पाण्यात टाकली. टांगलेल्या पिशवीसमोर उभं राहून त्यांनी हलकेच म्हणून बघितलं, "नाही." फार मऊ आलं. पुन्हा म्हटलं, "नाही म्हणजे नाही."

"बाबा, काही हवंय का?" आतून भार्गवीनं विचारलं.

"नाही!" ते जोरात म्हणाले, आणि हे बरं जमलं, असं त्यांना वाटलं.

खरोशाला जायचा दिवस आलाच नाही. त्याआधीच सुकन्याचा फोन आला, आप्पांना हॉस्पिटलात ठेवलंय. रेणुकादासांनी गॅलरीतून पिशवी काढली, घरच्या नळाखाली काठोकाठ भरली आणि एसटी धरली. भरताना, आपण हे कशाला करतो आहोत, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. भरून आणायचं ठरलं होतं, एवढंच.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुकन्या उभी होती. तिनं सॅककडं बघितलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"डायलिसिस थांबवलंय काका. अंगाला सोसत नाही आता. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. पाणीसुद्धा. मागतील तेवढं."

"त्याला माहीत आहे?"

तिनं नाही अशी मान हलवली. "मी पेला घेऊन गेले होते. दारातून परत आले. मी आपणहून पाणी दिलं तर ते लगेच ओळखतील, की आता उपाय संपले."

रेणुकादास आत गेले. बसवराज खाटेत फार लहान दिसत होते. पायांवर सूज, ओठ फुटलेले. डोळे मात्र तेच, आणि ते सरळ सॅककडं गेले.

"भरून आणलीस?"

"काठोकाठ."

"दे मग."

रेणुकादासांनी स्टूल ओढलं, सॅक मांडीवर घेतली. 

"नाही," ते म्हणाले.

बसवराजांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "हां. असं. एक घोट दे बे."

"नाही म्हणजे नाही."

"अर्धा."

"सुकन्या मला लातुरात पाय ठेवू देणार नाही."

"चिंगूस. छागलीपासून तसलाच तू." त्यांना धाप लागली, पण ते थांबेनात. "नांदेडचं हाय?"

"नांदेडचं."

"मग ते पाणी न्हाई. औषध हाय ते. दे."

"एकच घोट. आणि तिला सांगायचं नाही."

त्यांनी बोंडी बसवराजांच्या ओठांत दिली. दातांत तेवढा जोर राहिला नव्हता, बोंडी दबेना. रेणुकादासांनी ती आपल्याच बोटांनी दाबली. नळीतून पाणी सरकत गेलेलं दिसलं. बसवराजांनी डोळे मिटून गिळलं.

"वास येतो रे अजून प्लॅस्टिकचा."

"येतो जरासा. पुन्हा सोडा घालतो."

बोटं सुटायला हवी होती. एकच घोट असं ठरलं होतं. पण पुढचा घोट गेला, त्याच्या पुढचा गेला, आणि रेणुकादासांना बोटं सोडवेनात. मग बसवराजांनी गिळायचं थांबवलं. डोळे उघडले. त्यांनी मित्राच्या तोंडाकडं निरखून बघितलं. ओठांच्या कडेनं पाण्याचा एक ओघळ उशीवर गेला.

"रेणू," ते हळू म्हणाले, "आता न्हाई म्हण की रे."

रेणुकादासांनी तोंड उघडलं. घरी इतक्यांदा म्हणून बघितलेला तो शब्द काही केल्या बाहेर येईना. त्यांनी नुसता सदऱ्याच्या बाहीनं बसवराजांचा गाल पुसला.

"बरं," बसवराज म्हणाले. आणि त्यांनी स्वतःच तोंड पुढं केलं. रेणुकादासांनी बोंडी पुन्हा दाबली.