उजव्या बुटाची गाठ

शाळा उघडायला चार दिवस उरले की त्या दुकानात एवढी गर्दी उसळायची, की रांगेत उभं असताना मुलाच्या पायाचा जो नंबर असे, तो आत पोचेपर्यंत एकाने वाढलेला असे. हे मापकाकांचं म्हणणं. ऐकणाऱ्याने त्यातलं निम्मं खरं धरावं. काका स्वतः तेवढंही धरत नसत.

दुकान एकच, पण त्यात राज्यं दोन. डाव्या हाताला गणवेश, तिथे ताईची सत्ता. उजव्या हाताला बूट, तिथे काकांची. ताई ही काकांची थोरली बहीण. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि ओठांत टाचण्या असूनही भावाला टोमणे कसे मारायचे ही विद्या तिने कुठे मिळवली कोण जाणे. "वाढतं अंग आहे, चार बोटं दुमड ठेवलीय, पुढच्या वर्षी उसवून खाली सोडा," हे वाक्य ती दिवसातून दोनशे वेळा म्हणायची. झोपेतही म्हणते, अशी काकांची साक्ष होती.

काकांना मापकाका हे नाव पडलं ते त्यांच्या फळीमुळे. घासून घासून गुळगुळीत झालेली, आकडे कोरलेली लाकडी फळी. तिच्यावर मुलाचा पाय ठेवायचा, टाच मागे टेकवायची आणि सरकती पट्टी बोटांपर्यंत आणायची. काम सोपं, पण मुलांच्या पायांना कुणी सांगावं? पट्टी लागली की गुदगुल्या, गुदगुल्या झाल्या की लाथा. यावर काकांनी चाळीस वर्षांपूर्वी औषध शोधून काढलं होतं: थाप. थाप ऐकताना मूल पुतळ्यासारखं उभं राहतं.

"एकदा काय झालं," पट्टी सरकवत काका सुरू करायचे, "एक गोम आली, तिच्या लेकीला घेऊन. शंभर पाय! पन्नास जोड काढले मी. पन्नासावा जोड घालेपर्यंत पहिला घट्ट झाला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!"

"हो ना," पलीकडून ताई, "आणि तिच्या स्कर्टची दुमड मी अजून उसवतेय."

मुलं हसायची, माप व्हायचं, पुढचं मूल फळीवर चढायचं.

काकांची आणखी एक मिजास होती. शर्टाच्या गुंडीला त्यांनी एक बारीक पोलादी आकडी अडकवलेली असे, लेसच्या गाठी सोडायला. जुन्या बुटाची गाठ अडली की आकडी आत जायची, मनगटाला एक हिसका, आणि गाठ गेली. "या हाताला न सुटलेली गाठ अजून जन्माला यायचीय," असं ते म्हणत. ही मात्र थाप नव्हती, आणि तिथेच सगळं बिनसलं.

दुपारची वेळ. एक बाई आली, बरोबर आठेक वर्षांची मुलगी. "भिंगरी, तू काकांकडे बस हं, मी तुझ्या स्कर्टचं बघते," असं म्हणून बाई ताईकडे वळली. नाव भिंगरी, पण बाकावर बसली ती खिळा ठोकल्यासारखी. तिने बूट काढले, तेही लेसला हात न लावता, एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्याची टाच रेटून. मग ते दोन्ही बूट बाकाखाली, भिंतीकडे तोंड करून, शेजारी शेजारी ठेवले.

काकांनी पाय फळीवर घेतला. "गेल्या वर्षी अकरा होता की नाही? आता बघ, तेरा! काय खातेस काय, खत?"

"जुने होतात मला," मुलगी म्हणाली.

"होतात? बोटं मुडपून होत असतील."

"होतात."

चाळीस वर्षांत काकांनी नव्या बुटांसाठी लोळण घेणारी मुलं पाहिली होती, दिव्याचे बूट हवेत म्हणून दुकान डोक्यावर घेणारी पाहिली होती. जुनेच हवेत म्हणणारी ही पहिली. इथे माणसाने जरा थांबायला हवं होतं. पण काकांची जीभ एकदा सुटली की डोकं मागून धापा टाकत यायचं. त्यांनी वाकून बाकाखालचा उजवा बूट उचलला.

"अरे देवा! टाचेचा पार भुगा केलायस की गं. वर्षभरात एकदाही लेस सोडली नाहीस ना? आणि ही गाठ बघा गाठ! दगड झालाय. अख्ख्या वर्षाचा आळस कोंबलाय हिच्यात."

गाठ खरंच वेगळी होती. नेहमीचे दोन कान नव्हतेच. लेस दोन-तीनदा गुंडाळून टोकं आत कुठेतरी खोचलेली, बोराएवढी गच्च गाठ. सगळ्या बुटाला झकास पॉलिश, गाठ मात्र कोरडी, धुळकट. जणू पॉलिश करताना कुणी तिच्यावर कागद धरला असावा. काकांना हे दिसलं. दिसलं, पण तोवर आकडी गुंडीवरून निघाली होती.

"नको, काका," मुलगी हळूच म्हणाली.

"अगं, तिला दुखत नाही!"

"अरे थांब!" पलीकडून ताई ओरडली. ओठांतल्या टाचण्या खळकन फरशीवर सांडल्या. "हात लावू नकोस त्याला!"

मनगटाला हिसका बसून गेला होता. काळी लेस वाकडीतिकडी होऊन बुटाच्या दोन्ही बाजूंना लोंबत होती.

ताई गर्दीतून वाट काढत आली आणि काकांच्या कानाशी लागली. "तिच्या वडिलांनी बांधलेली होती रे ती. गेल्या वर्षी, शाळेच्या पहिल्या दिवशी. थंडीत गेले ते. तिची आई आत्ता हेच सांगत होती मला, नवे बूट देताना जुन्यांच्या गाठी तेवढ्या जपा म्हणावं काकांना. मी टाचण्या काढून हाक मारेपर्यंत तुझा हात पुढे!"

मागोमाग मुलीची आई आली. तिने लोंबती लेस पाहिली आणि हातातल्या स्कर्टची उगाच घडी करत राहिली.

"आधी आळसच होता हो," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "मी ओरडायची, टाचा मोडतेस म्हणून. तर हे हसायचे. म्हणायचे, ती माझी गाठ आहे, शाळा संपेपर्यंत सुटायची नाही. मग हे आजारी पडले. पंधरा दिवसांत सगळं... नंतर मी ओरडायचं सोडून दिलं."



"एवढंच ना!" काका म्हणाले, आणि स्वतःचा आवाज त्यांना फार मोठा वाटला. "आत्ता बांधतो. बहात्तर प्रकारच्या गाठी येतात मला."

वर्षभर आवळून लेसला जागोजागी घड्या पडल्या होत्या. जिथे गाठीच्या आत राहिली तिथे काळीभोर, जिथे बाहेर होती तिथे विटकी. काकांनी त्या खुणा धरून लेस वळवली. एक वेढा, दुसरा वेढा, टोक आत. ओढल्यावर सगळं सुटून आलं. पुन्हा बांधली, या वेळी दोन कान उभे राहिले, सशासारखे. तिसऱ्यांदा गाठ बसली, पण भलतीच जाड. काकांच्या कपाळावर घाम आला. एरवी पोरांसमोर गाठ अडली की ते तिच्याशी भांडायचे, तिला नावं ठेवायचे. आज ते नुसते लेस सोडत आणि पुन्हा वळवत राहिले.

"तो दुसरा द्या बरं," शेवटी ते म्हणाले. "एकदा उघडून आतून बघितली की कळेल कशी आहे ती. मग दोन्ही तश्शाच बांधून देतो."

आईने मुलीकडे पाहिलं. "भिंगे, काका म्हणतायत तर..."

भिंगरीने डावा बूट बाकाखालून ओढला आणि छातीशी धरला. "नको. ही पण सोडली तर दोन्ही काकांच्या होतील."

काकांनी आकडी मुठीत लपवली.

खरं तर तेव्हा त्यांच्या जिभेच्या टोकाशी एक थाप अगदी तयार होऊन बसली होती. 'अगं, ही गाठ तुझ्या बाबांना मीच तर शिकवली! तुझ्याएवढे होते, याच बाकावर बसले होते.' गोळीबंद थाप. मुलीने मानलीही असती. तिच्या वडिलांना त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं, पण गोमेला तरी कुठे पाहिलं होतं? समोर ताई टक लावून बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांनी एक थाप गिळली.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

मुलगी रडली नाही. रडणाऱ्या मुलांचा इलाज काकांकडे होता. खण भरून शिट्ट्या ठेवलेल्या होत्या. न रडणाऱ्या मुलीसाठी दुकानात काहीच नव्हतं.

तेरा नंबरचे बूट निघाले. काकांनी पुढचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, बोटभर जागा होती. मग सवयीने त्यांचे हात लेसकडे गेले. मुलीने पाय मागे घेतला.

"मी बांधते."

तिला येत नव्हतं. आजवर गरजच पडली नव्हती. तिने एक कान केला, तो निसटला. दुसरा केला, पहिला गळला. रांग दारापर्यंत पोचली होती; एरवी एवढ्या वेळात कुणीतरी "अहो, आटपा" म्हणालंच असतं. आज एक गृहस्थ आपल्या मुलाचं तोंड हाताने दाबून उभे होते. बऱ्याच वेळाने कशीबशी एक गाठ झाली, पातळ, एका अंगाला कललेली. दुसरीही झाली.

दोघी निघाल्या. काकांना बाकावर उजवा जुना बूट दिसला. तो घेऊन ते दारापर्यंत धावले. "अगं, हा राहिला!"

मुलगी वळली. डावा तिने पिशवीत न टाकता हातातच धरला होता. "तो तुम्ही ठेवा. जमली तर सांगा."

तिसऱ्या पायरीवर तिच्या नव्या बुटाची लेस सुटली.

"अरे, तिची लेस बघ," मागून ताई म्हणाली.

काकांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. मुलगी पायरीवर बसली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधू लागली. आई शेजारी पिशव्या घेऊन उभी राहिली.

पुढचं वर्षभर तो उजवा बूट खोके काढायच्या शिडीजवळच्या मांडणीवर होता. गिऱ्हाईक नसलं की काका तो खाली काढायचे. बांधायचे, बघायचे, सोडायचे. लेसच्या टोकाचं प्लास्टिक गेलं, टोकाची झिपरी झाली. त्यांनी ती मेण लावून वळली आणि पुन्हा सुरुवात केली. खोके बांधणाऱ्याला विचारलं, पतंग विकणाऱ्याला विचारलं. एकदा तर ताई स्वतः येऊन बसली. कापडातली बाई, दोऱ्याच्या गाठी तिला काकांपेक्षा जास्त ठाऊक. तासभर खटपट केली, मग बूट जागेवर ठेवला आणि एकही टोमणा न मारता निघून गेली. त्याने काकांना जास्तच लागलं.

मुलं विचारायची, "काका, हा एकच बूट कुणाचा?" एका पायाच्या राजाची, बूट पळवणाऱ्या माकडाची, कितीतरी गोष्टी त्या बुटाला चपखल बसल्या असत्या. काका म्हणायचे, "एका मुलीचा आहे. पाय ठेव फळीवर."

आणि एक नवीन खोड लागली त्यांना. कुणाचाही जुना बूट हातात घेतला, गाठ कितीही साधी असली, तरी आकडी काढण्याआधी विचारायचे, "सोडू का?" पोरं खिदळायची. "मग काय खाणार का, काका?"

पुन्हा शाळा उघडायला चार दिवस उरले. पुन्हा ती गर्दी. दुपारी काकांनी मान वर केली तर समोर भिंगरी. चांगली वीतभर वाढलेली. पलीकडे तिची आई ताईसमोर जुन्या स्कर्टची दुमड उलगडून दाखवत होती, चारही बोटं कधीच संपली म्हणून.

मुलीची नजर शिडीजवळच्या बुटावर गेली. लेस सुटी लोंबत होती.

"नाही जमली?"

"नाही," काका म्हणाले. "दिसायला तशी जमते कधी कधी. पण ती नाही."

मुलीने मान हलवली. "मीपण घरी करून बघते. मलापण नाही येत." मग थोडं थांबून, "डावी आहे अजून. आईने कपाटात ठेवलीय."

"बरं केलं."

ती बाकावर बसली आणि पाय पुढे केला. तेरा नंबरचे बूट, पुढून घासलेले, टाचा मात्र ताठ. लेस बांधलेली होती, एका अंगाला कललेली, पण घट्ट. काकांनी पाय मांडीवर घेतला. आकडी गुंडीलाच होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

"सोडू का?"

मुलगी गाठीकडे बघत राहिली. रांग पुढे सरकायची थांबली. पलीकडे ताईने टाचण्या हातात काढून घेतल्या.

"सोडा," ती म्हणाली. "ही माझीच आहे."

काकांनी आकडी न वापरता, दोन बोटांनी, हलकेच टोक ओढलं.