घोड-भीमा रायडर्सचा रविवार

न्हावऱ्याहून चौफुल्याला जायला ज्याला हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्याला पॅड आणि पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी लागते, त्या माणसाचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मी दौंड डेपोत एसटीचा ड्रायव्हर होतो. अर्धी नोकरी याच रस्त्यावर गेली. उसाचे ट्रॅक्टर, आडवी म्हैस, पारगावच्या पुलावरचं धुकं, सगळं बघितलं. पण घरी येऊन बायकोला कधी 'आजचा अनुभव' सांगितला नाही. तिनं जेवायला वाढलं नसतं.

तरी अशी वेळ आली की या रायडर लोकांच्या मेळाव्याला मला जावं लागलं.

निमोण्याचा माऊली आमच्या अंकिताला बघून गेला होता. पोरगा देखणा, कारेगावजवळ कंपनीत परमनंट, घरची शेती बागायत. बैठकीत त्याचे चुलते म्हणाले, "हुंडा आमच्यात घेत न्हाईत. फकस्त पोराला गाडीची हौस हाय, तेवढी पुरवा." हौस पोराची, पुरवायची मी. कपाळावर आठी आली, पण मान डोलावली. एकुलती एक लेक. गाडी दारात उभी राहिली तर तिच्याच कामाला येईल, दवाखान्याला, बाजाराला, माहेरी यायला, असं मी मनाशी धरलं. शोरूममध्ये जाऊन मॉडेलसुद्धा बघून आलो. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती.

अंकिता मात्र हो म्हणेना, नाही म्हणेना. तिच्या आईनं, साखरबाईनं, फारच खोदून विचारलं तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाली, "आण्णा, रविवारी त्यांच्या गाडीवाल्यांचा मेळावा हाय चौफुल्याला. तुम्ही एकदा जाऊन बघून या. मग तुम्ही म्हणाल तसं."

मला वाटलं, पोरगी बापाच्या ड्रायव्हरकीवर भरवसा ठेवतेय. पोरगा गाडी कशी हाणतो ते बघून या म्हणतेय. मी माऊलीला फोन लावला. तो हरखलाच. "या की आण्णा! तुम्ही एसटीनं या, निवांत. आमी तिथंच भेटतो." म्हटलं, पोराला वयाची कदर आहे.

रविवारी एसटीत शेजारी करिश्मा येऊन बसली. अंकिताच्या वर्गातली, आता हौशीरामची बायको. हा हौशीराम त्याच रायडर टोळीतला. करिश्माच्या मांडीवर पोर, पायाशी पिशवी, आणि दुसऱ्या खेपेचं पोट चांगलं दिसण्याइतकं. केडगावला माहेरी निघाली होती.

"हौशीराम कुठं?" मी विचारलं.

"म्होरं गेलं गाडीवर. चौफुल्यालाच. तुम्हाला भेटत्याल की."

खड्डा आला की ती पोटावर हात धरायची. मी तिला खिडकीकडं सरकवलं, केडगावला पिशवी खाली दिली आणि विसरून गेलो. नवरा त्याच रस्त्यानं, त्याच सकाळी, त्याच दिशेला गेला होता. पण म्हटलं, लहान पोर आहे, एसटी बरी.

हॉटेलच्या अंगणात गाड्या ओळीनं लावल्या होत्या, तोंडं रस्त्याकडं. भर उन्हात काळी जाकिटं घालून सगळे घामानं निथळत होते, पण काढायला एक तयार नव्हता. बॅनरवर 'घोड-भीमा रायडर्स' आणि खाली प्रत्येकाचा गॉगलवाला फोटो. निवडणुकीला उभं राहायचं राहून गेलेली ही माणसं. मिसळ झाली आणि माईक आला. एकेकानं उठून 'माझी गाडी, माझा अनुभव' सांगायचा.

पहिला हौशीराम. "ही माझी राणी," त्यानं बुलेटकडं हात केला. "सकाळी उठलं की आधी हिला पुसतो, मग च्या. हिच्या अंगावर ओरखडा आला तर मला जेवान जात न्हाई. सासऱ्यांनी दिली, पर जीव म्या लावला." टाळ्या पडल्या.

मग शंभू. त्याची गाडी महाबळेश्वरच्या घाटात पंक्चर झाली होती. पंक्चर झालं, काढलं. एवढी गोष्ट सांगायला त्यानं चहा निवेपर्यंत वेळ घेतला आणि मधे दोनदा गळा भरून आणला. आमच्या डेपोत याच्याहून मोठी गोष्ट लोक टायर बदलता बदलता सांगायचे, आणि कुणी ऐकत नसे.

शेवटी माऊली. तो माळशेजच्या ढगांत शिरला होता म्हणे. "गाडीवर बसलं की म्या आन् रस्ता. तिसरं कुणी नको," तो म्हणाला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग माझ्याकडं बघून, "लवकरच मोठी गाडी येतीय, आण्णांच्या आशीर्वादानं." लगेच मला पुढं बोलावलं, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. शाल पडली की माणूस जरा मऊ होतो. मीही झालो. तेवढ्यापुरतं वाटलं, खुळी असली तरी पोरं मनानं चांगली आहेत.

उठताना मी माऊलीला म्हणालो, "चल, मला न्हावऱ्यापर्यंत सोड. तुझा हात कसा हाय तेबी बघतो."

तो ओशाळं हसला. "आण्णा, माझी सिंगल सीट केलीय."

"मग हौशीराम, तू?"

"माझीबी तशीच हाय आण्णा."

मी ओळीच्या मागं गेलो. सकाळपासून गाड्या समोरूनच बघत होतो, त्यांनी मांडल्या होत्या तशा. मागून पहिल्यांदा बघितल्या. कुणाच्या मागं लोखंडी पेटी, कुणाच्या मागं पेट्रोलचा कॅन, एकाच्या मागं झेंडा. शंभूच्या मागं तर कापडाचा वाघ बांधलेला. वाघाला जागा होती. माणसाला एकाही गाडीवर नव्हती.

"मागचं सीट काढता कशापायी?"

"लुक येतो आण्णा," माऊली म्हणाला. "आन् सीट ठिवलं की घरचे सुरू होत्यात. दवाखान्यात सोड, बाजारात न्ये, आईला देवाला न्ये. मग रायडिंग कवा करायचं?"

सगळे खो खो हसले. माईक बंद झाल्यावर खरं बोलले एकदाचे.

"नव्या गाडीचं काय?"

"ती शोरूममधूनच तशी करून घ्यायची. म्या बोलून ठिवलंय."

मी बघून आलेलं मॉडेल माझ्या डोळ्यांसमोर होतं. लांब, जाड सीटचं. "आन् अंकिता कुठं बसायची?"

माऊलीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्याला तो प्रश्नच पडलेला नव्हता. अगदी साधेपणानं म्हणाला, "तिला एसटी हाय की आण्णा. तुमच्याच घरची."

करिश्माचा पोटावरचा हात आठवला. तिच्या बापानं दिलेली गाडी इथं सावलीला उभी होती, पुसून चकचकीत, आणि त्याची लेक माझ्या शेजारी खड्डे मोजत माहेरी गेली होती. उद्या माझी जाणार होती, माझ्याच पैशाची गाडी पुढं पळताना बघत.

मी शाल काढली, घडी घातली, माऊलीच्या गाडीच्या मागच्या पेटीवर ठेवली. वर नारळ ठेवला.

"शोरूमवाल्याला म्या सांगतो," मी म्हणालो. "आन् चुलत्यांना तू सांग. सुपारी फुटायची न्हाई."

"आण्णा, येड्यावानी काय करताय? एवढं सीटवरनं?"

"सीटवरनंच."

मागं कुणीतरी मला पिकलं पान म्हणालं, कुणीतरी हसलं. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. एसटी उशिरा आली, पण तिच्यात बसायला जागा होती.

न्हावऱ्याच्या स्टँडवर अंकिता माझी जुनी हिरो घेऊन उभी होती. या गाडीवर साखरबाई दवाखान्यात गेली, अंकिता शाळेत गेली, पेंडीची पोती घरी आली. सीट दोनदा शिवून घेतलंय.

"कसा चालवतो?" तिनं विचारलं.

"काय माहीत. मला बसायला जागाच नव्हती."

ती हसली नाही. रस्त्याकडं बघत म्हणाली, "एसटीत करिश्मा भेटली का?"

"भेटली."

"दर महिन्याला भेटती मला," ती म्हणाली, आणि मला जागा द्यायला सीटवर पुढं सरकली.