सेनापती झुर्बची सवय

सेनापती झुर्ब दर महिन्याला पृथ्वी जिंकायला येतो आणि दर महिन्याला तोंडावर आपटतो. शाळाशाळांत जाणाऱ्या एका मुलांच्या मासिकासाठी दोन वर्षांपूर्वी मी त्याला जन्माला घातला. चित्रकथेची दोन पानं, बारा चौकटी. एकदा तो टोळीसकट आमच्या वॉर्नम्बूल गावच्या किनाऱ्यावर उतरला. माणसांच्या हातातले चिप्स सीगल पक्षी खुशाल हिसकावून नेतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही, हे पाहून त्याने ठरवलं की इथले राजे हेच. मग एका सीगलशी त्याने तीन दिवस तहाची बोलणी केली आणि टोळीचा सगळा शिधा घालवला. एकदा सगळे रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यांत दबा धरून बसले. नेमका मंगळवार, कचऱ्याची गाडी यायचा दिवस.

मार्चमध्ये मात्र मला काही म्हणजे काही सुचेना. पानं सोमवारी द्यायची होती. मी टेबलाशी पेन्सिल चावत बसले होते आणि समोर दाराशी ओर्ला शाळेला निघत होती. ओर्ला माझी मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. त्या दिवसांत तिचं एक सुरू झालं होतं. घराबाहेर पडण्याआधी दाराच्या मुठीला तीनदा हात लावायचा, मग माझ्याकडे वळून विचारायचं, "सगळं ठीक आहे ना? शपथ?" मी लगेच, ठाम आवाजात "हो, सगळं ठीक, शपथ" म्हटलं की पाऊल उचलायचं. माझा आवाज जरा डगमगला की पुन्हा पहिल्यापासून.

हे ती कुठून शिकली ते मला माहीत होतं. गॅस बंद केला का, हे बघायला मी कोपऱ्यावरून गाडी परत वळवते, आणि ती मागच्या सीटवर बसलेली असते.

तिच्यावर माझं सतत लक्ष असतं. किती जेवली, कुणाशी बोलली, कुठल्या बोटाचं नख खाल्लं. त्या सकाळीही मी बघतच होते, आणि बघता बघता हात कागदावर चालायला लागला.

झुर्ब यानातून उतरण्याआधी दाराला चारदा हात लावतो. मग उपसेनापतीला विचारतो, "सगळं ठीक आहे ना? शपथ?" मठ्ठ उपसेनापती डोकं खाजवत म्हणतो, "बहुतेक." झुर्ब पुन्हा पहिल्यापासून. असं करता करता भरती येते आणि यान वाहून जातं.

डरमटने, माझ्या नवऱ्याने, दूध कारखान्यातून आल्यावर पानं बघितली. नेहमीसारखा हसला नाही.

"ब्रिडी, ही आपली ओर्ला आहे."

"काहीतरीच! ओर्ला तीनदा करते. हा चारदा करतो."

"अरे वा. म्हणजे झाकलं गेलं!"

"सगळीच मुलं असलं काहीतरी करतात रे."

"तिला विचारलंस?"

"सात वर्षांच्या पोरीला काय विचारू? परवानगी?"

"हो," तो म्हणाला आणि बूट काढायला बाहेर गेला.

मी पानं पाठवली. अंक आला तेव्हा ओर्लाने ती गोष्ट जमिनीवर पालथं पडून वाचली आणि पाय आपटत हसली. "किती येडा आहे गं हा! दार तर लागलेलंच आहे!" ती हसली, म्हणजे मी सुटले, असं मी मनाशी धरलं. संपादकांकडे पत्रांचा ढीग आला. ते म्हणाले, ही सवय आता दर अंकात हवी. मी दर अंकात दिली. मे, जून, जुलै.

ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन थंडीत, शाळेत पुस्तकांचा आठवडा असतो आणि शुक्रवारी वेशभूषेची मिरवणूक. ओर्लाने आठवडाभर आधीच जाहीर केलं, "मी झुर्ब होणार. माझ्याच आईने केलाय तो." अंड्यांच्या खोक्याचे डोळे, चंदेरी कागदाच्या शेंड्या, हिरव्या टॉवेलचा झगा. सगळं तिने स्वतः केलं. मला फक्त गोंद लावू दिला.

बास्केटबॉलच्या मैदानाभोवती आम्ही आईबाप कॉफीचे पेले धरून कुडकुडत उभे होतो. मुलं ग्रंथालयाच्या दारातून एकेक करून बाहेर येत होती. फुटबॉलचा रोजचाच शर्ट घालून 'मी खेळाडूंच्या पुस्तकातला' म्हणणारी तीन मुलं, चार चेटकिणी, एक सुरवंट, ज्याचा मागचा अर्धा भाग दारातच अडकला. आणि झुर्ब. एक नाही, अकरा. पहिल्या झुर्बने ग्रंथालयाच्या दाराला हात लावला तशी अख्खी शाळा मोजायला लागली, "एक! दोन! तीन! चार!" मग तो ओरडला, "सगळं ठीक आहे ना? शपथ?" आणि दोनशे मुलं एका गळ्याने, "बहुतेक!"

ओर्लाच्या बाई, मिसेस वुकोविच, माईकवर म्हणाल्या, "आणि बघा, झुर्बला जन्म देणारी आपल्यातच उभी आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

अकरावा झुर्ब दारात आला तेव्हा पावलांवरूनच कळलं की ही ओर्ला. बूट आत वळलेले. ती घाबरली की तसे वळतात. एवढी माणसं, एवढा वारा, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिने दाराच्या मुठीला हात लावला.

"एक! दोन! तीन!"

ती थांबली.

"चार! चार राहिला!" पोरं ओरडली. "ए ओर्ला, तुझ्याच आईचा आहे ना, तुलाच येत नाही?"

ओर्लाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अंड्यांच्या खोक्याच्या डोळ्यांआडून ती गर्दीत मला शोधत होती. मी सापडले. "सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली. ओरडली नाही, रोजच्याच आवाजात म्हणाली. "शपथ?"

"बहुतेक!"

ती पुन्हा दाराकडे वळली. एक, दोन, तीन. पुन्हा माझ्याकडे. "बहुतेक!" पुन्हा दाराकडे. माझ्या शेजारचा माणूस हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "पोरगी पक्की नटी आहे हो!" मी एवढंच करायचं होतं, हात वर करून मोठ्याने म्हणायचं होतं, "हो ओर्ला, सगळं ठीक, शपथ." पाच शब्द. पण ते म्हटलं असतं तर अख्ख्या मैदानाला कळलं असतं की हे नाटक नाही, आणि झुर्ब कुठून आला तेही. मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि हसले. सगळ्यांसारखी हसले.

पाचव्यांदा "बहुतेक" झालं तेव्हा मिसेस वुकोविच स्वतः जाऊन तिला हात धरून घेऊन आल्या. उत्कृष्ट अभिनयाची निळी फीत तिच्या टॉवेलला टोचली आणि माईक माझ्यापुढे केला. "ब्रिडी, सांगा ना मुलांना, ही कल्पना सुचली कशी?"

ओर्ला माझ्याकडे बघत होती.

"असंच," मी म्हणाले. "बसल्या बसल्या."

घरी जाताना गाडीत ती खोक्याचे डोळे मांडीवर घेऊन बसली होती. मग मागून आवाज आला, "मी नाटक नव्हते करत."

"माहीत आहे मला, बाळा."

"माहीत होतं तर हो का नाही म्हणालीस?"

मी गाडी पेट्रोल पंपाच्या बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"तो मी आहे ना?" ती म्हणाली. "झुर्ब."

"हो."

"मग चारदा का केलंस?"

"कुणाला कळू नये म्हणून."

"मला कळू नये म्हणून?"

आरशात तिचे डोळे दिसत होते. "हो," मी म्हणाले. "तुलाही."

तिने फीत काढली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर टाकली. "ही तुझी आहे. तूच जिंकलीस."

शनिवारी मी संपादकांना फोन केला आणि झुर्ब बंद करते म्हणून सांगितलं. "अहो, आता कुठे तो रंगात आलाय," ते म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. "पण तिचं नाव तर कुठे आलं नाही ना? मग काय बिघडलं?" ते समजूत घालत होते, चांगुलपणानेच. मला मात्र मार्चमधली मीच बोलत असल्यासारखं वाटलं, आणि कान तापले. 'चारदा' म्हणणारी ती बाई इतकी शहाणी वाटली होती तेव्हा.

रविवारी ओर्ला अंगणात पाइपने गोगलगायींना आंघोळ घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"उद्या मी बाईंना सांगणार आहे. वर्गालाही. सगळी चूक माझी होती म्हणून."

"नको."

"अगं पण ती मुलं तुला..."

"आत्ता ती हसतात," ती म्हणाली. "तू सांगितलंस की हळू आवाजात बोलतील."

सात वर्षांची. सांगून मोकळं व्हायची घाई माझी होती. तिला त्यात काहीच मिळणार नव्हतं.

"मग मी काय करू? तू सांग."

तिने पाइप बंद केला. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढते, हे मी तेव्हाही टिपलं. टिपलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

"बघू नकोस," ती म्हणाली. "तू बघतेस आणि मग काढतेस."

"काढणार नाही. कधीच नाही. शप..."

"ते नको म्हणूस. नुसतं बघू नकोस."

डरमट स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होता. त्याने ऐकलं असावं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसता भांडी पुसत राहिला.

सोमवारी शाळेपुढे गाड्यांची रांग होती. एरवी ती उतरली की मी मान वळवून वर्गाच्या दारापर्यंत तिला डोळ्यांनी पोचवते. दप्तर नीट आहे का, कुणी हाक मारतं का, दाराशी किती वेळ थांबते. त्या दिवशी दार उघडल्याचा आवाज आला, दप्तर घासत बाहेर गेलं, दार बंद झालं. मी समोर बघत राहिले. पुढच्या गाडीच्या उघड्या हौद्यात एक करडा कुत्रा उभा होता, कुणाची तरी गोधडी दातात धरून. मी त्याचे कान बघितले, गाडीचा नंबर तीनदा वाचला, मागच्या टायरवरचा चिखल बघितला. डावीकडे मैदानात पोरांचा गलका चालला होता. त्यात कुणीतरी मोठ्याने "बहुतेक!" म्हटलं आणि पाठोपाठ हशा झाला. तो तिच्यावर होता की कशावर, कोण जाणे. मान आपोआप वळायला निघाली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

मागच्याने हॉर्न दिला. पुढचा कुत्रा केव्हाच निघून गेला होता आणि माझ्यापुढचा रस्ता रिकामा होता. मी गाडी सोडली. तिने दारातून मागे वळून पाहिलं का, मला माहीत नाही.