लॅपटॉप सुरू झाला

भोईवाड्यात मंगल परिणयाची पत्रिका करायची म्हटली की लोक प्रितीच्या वडिलांकडे, बुद्धभूषणकडे यायचे. छपाई दुसरीकडे व्हायची, पण मजकूर ते घरीच लॅपटॉपवर मांडायचे आणि त्यात केसाएवढा फरक त्यांना खपायचा नाही. त्या रविवारी लॅपटॉप पलंगाकडे नेताना त्यांच्या हातून सुटला आणि लादीवर आपटला. वायरीत पाय अडकला, असं ते म्हणाले.

प्रितीने बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. चार्जर काढून, बटण बराच वेळ दाबून धरून पाहिलं, तरी तेच. ऑफिसातल्या हितेंद्रला फोन लावला, तर तो म्हणाला, पडल्यामुळे रॅमची पट्टी सैल झाली असेल. आधी बॅटरी सोडव, मग पट्टी काढून पुन्हा बसव. तिने मागचं झाकण उघडलं. पट्टी खरंच एका बाजूने उचललेली होती. ती नीट बसवून, बॅटरी जोडून बटण दाबलं, तर थोड्या वेळाने स्क्रीन उजळली. अर्धवट पत्रिकाही शाबूत होती.

लॅपटॉप बंद करून ती म्हणाली, "पप्पा, तेवढे स्क्रू लावा. मी हात धुऊन येते."

ती आली तेव्हा एकही स्क्रू लागला नव्हता. पप्पांच्या चिमटीतला स्क्रू भोकाभोवती नुसता थरथरत होता. तो सुटला. त्यांनी उचलला, पुन्हा सुटला. हल्ली ते चहा अर्धा कपच घेतात, कुठे सही करायची असली की टाळतात, हे प्रितीला तेव्हा आठवलं.

"पाय अडकला नव्हता ना?"

"हात ऐकत नाही गं," ते खाली बघत म्हणाले. "आईला सांगू नको एवढ्यात."

सांगावं लागलंच. डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि कंपवात असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी आराम पडेल, पण आजार जाणार नाही.

ती पत्रिका प्रितीने पुरी केली. पप्पा उजवा हात मांडीखाली दाबून शेजारी बसले आणि सांगत राहिले, नवरीचं नाव जरा डावीकडे घे, अजून थोडं. तिच्याकडून ओळ जास्त सरकली की त्यांचा हात आपसूक माऊसपर्यंत जायचा आणि मागे फिरायचा. मग त्यांनी सांगणंच सोडलं.

"राहू दे. छान दिसतंय," ते म्हणाले.

नाव मधोमध आलेलं नव्हतं. ते दोघांनाही दिसत होतं.