रिकाम्या गावाचं पान

कुणकेश्वरला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या दत्तप्रसादची लेक ताजिकिस्तानच्या डोंगरात एकटी फिरायला गेली होती. संचिताचा सगळा भरवसा एका प्रवासपुस्तकावर. "थंय फारसा कोण जाणा नाय बाबा, म्हणानच पुस्तक व्हया," असं सांगून ती निघाली होती.

ते पुस्तक काढणाऱ्या कंपनीचंच भारतावरचं पुस्तक एक पाहुणा खोलीत विसरून गेला होता. जिवाला चैन पडेना, तेव्हा दत्तप्रसादने ते उघडलं आणि आपलंच गाव शोधलं. पुस्तक कितपत खरं बोलतं, हे ताडून पाहायला त्याच्याकडे दुसरं माप नव्हतं.

'जून-जुलैत किनारा अगदी रिकामा असतो. समुद्रात होड्याही नसतात. निवांत पोहायला हाच उत्तम काळ.'

त्याचं टाळकंच सरकलं. "अरे मेल्या, दर्यो खवळलेलो म्हणान किनारो रिकामो! नारळी पुनवेपर्यंत आमी पाण्यात पाय घालणव नाय, आणि ह्यो पोवाक सांगता!"

लिहिणाऱ्याने रिकामा किनारा पाहिला होता. तो का रिकामा, हे गावात एकालाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात संचिताचा मेसेज आला. 'पोचलंय बाबा. पुस्तकात लिवलाहा तसाच आसा. गाव एकदम रिकामा, शांत. आज हंयच तंबू लावतंय.'

दत्तप्रसादने पुस्तक बाजूला टाकलं. 'माणसां खंय गेली, ता आधी कोणाक तरी इचार,' असं त्याने घाईघाईने लिहून पाठवलं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, विचारायला तिथे होतं कोण?