तुळशीत घुसलेला माका

सगुणाबायचा आवाज चाळीस वर्षं मासळीबाजारात कमावलेला. दिंडोशीच्या चौथ्या मजल्यावर ती ओरडली की खाली रिक्षावाले मान वर करून बघत. त्या शुक्रवारी सकाळी तर सगळी बिल्डिंगच जागी झाली.

"विनिता! ये इकडं! काय ओतलंस माझ्या माक्यात? फिनेल?"

गॅलरीत मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यात पिवळा माका होता. कसला? जमिनीवर सरपटणारा, खरबरीत पानांचा, वर बटणाएवढी पिवळीधमक फुलं. सगुणाबायच्या आईने जुहूच्या कोळीवाड्यात अंगणभर वाढवलेला. त्याचं तेल लावून दोघी बहिणींचे केस कमरेखाली गेले होते. पुढे भावाने अंगणात फरशी घातली आणि आईच्या हातचा माका उरला तो फक्त या खोक्यात. रविवारी थोरली बहीण वनमाला त्याचं रोप न्यायला यायची होती. "तुझ्या हातात झाड जगलं? बघितल्याशिवाय नाय मानायची मी," असं तिने फोनवर ऐकवलं होतं. आणि आता पानं कडांनी करपलेली, फुलं माना टाकून बसलेली.

"आई, मी फिनेल इकडे आणतसुद्धा नाही," विनिता म्हणाली. सून विदर्भातली, दर्यापूरकडची, बौद्ध घरातली, कमी बोलणारी. लेकाने, कृणालने, तिला पसंत केलं तेव्हा सगुणाबाय म्हणाली होती, पोरीला बोंबील आणि बांगडा यातला फरक कळत नाय, हिचं करायचं काय?

विनिता उकिडवी बसली. खोक्यातली चिमूटभर माती उचलून तिने सरळ जिभेवर ठेवली.

"अगं बया! माती खातेस?"

"खारट आहे, आई. आमच्याकडे विहिरीचं पाणीच खारं. रान बिघडलं की आजी असंच चाखून बघायची. तुम्ही पाणी कुठलं घालता?"

"मासळी धुतलेलं! दुसरं कुठलं? झाडाला त्याच्यासारखं खत नाय."

"पण सध्या तर बोटी बंद आहेत. ताजी मासळी कुठाय?"

सगुणाबायची नजर आत मोरीतल्या पातेल्याकडे गेली. पावसाळ्याची बंदी लागल्यापासून घरात खारे बांगडेच भिजत होते. मिठात मुरलेले. ते पाणी रोज तिनेच, स्वतःच्या हाताने, माक्याला पाजलं होतं. आणि आता आठवलं, आई ते पाणी लांब नारळाच्या बुडाशी नेऊन ओतायची. माक्याला कधीच नाही.

"वाट लागली," ती हळू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हळू. "वनी हसेल गं मला. हसू दे मेली. पण आयचा माका गेला ना."

"गेला नाही. इकडे बघा."

विनिताने तुळशीची कुंडी पुढे ओढली. खोक्यातली एक फांदी काठावरून सरपटत त्या कुंडीत उतरली होती, पेऱ्यापेऱ्याला मुळं धरून. हिरवीगार. वर तीन फुलं. तुळशीला या घरात मासळीचं पाणी कधी लागत नव्हतं. सगुणाबायचाच दंडक, आणि तो पाळायची विनिता.

"ही तर उपटून टाक म्हणाले होते मी तुला! महिना झाला!"

"फुलावर आली होती. हात धजला नाही."

सगुणाबायने सुनेकडे बघितलं, मग फुलांकडे. "मग बसलीस काय? नवी माती आण. आणि ते बांगड्यांचं पाणी मोरीत ओत!"

रविवारी वनमाला आली. चहा पिण्याआधीच गॅलरीत गेली. एका स्वच्छ डब्यात मुळासकट लावलेला माका पिवळी फुलं मिरवत होता.

"काय गं सगुणा, हात सुधारला तुझा!"

हो म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? सगुणाबायने पदर खोचला.

"माझा हात कसला! मी खारं पाणी पाजून मारला. हिने माझं ऐकलं नाय म्हणून जगला."

विनिता बशीआड तोंड लपवून हसली.

"हसतेस काय?" सगुणाबाय खेकसली. "एकदा चाललं. रोज नाय हां चालणार! आणि ऐक, उद्यापासून माक्याला पाणी तू घालायचं. चाखून!"